जुन्या आर४ कार्ट्रिजसाठी हौशी कर्नल: कोणतं घालावं, कोणतं टाळावं

चांगलं चालणारं आर४ कार्ट्रिज, म्हणजे मायक्रोएसडीवरचे गेम निन्टेन्डोच्या डीएस या हातात धरायच्या कन्सोलवर चालवणारं कार्ट्रिज, एक दिवस डीएस लाइटमध्ये घातल्यावर ‘हे व्हर्जन जुनं झालं, नवीन टाका’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवतं आणि तिथेच अडून बसतं. मालकाला वाटतं, कार्ट्रिज गेलं. मग ते ड्रॉवरच्या तळाशी पडतं, नाहीतर ‘खराब’ म्हणून कवडीमोलाने विकलं जातं. अशी बहुतेक कार्ट्रिजं धडधाकट असतात. दोष मायक्रोएसडीवरच्या कर्नलचा, म्हणजे मेनू दाखवून गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो, आणि तोही मुद्दाम घातलेला: त्या कर्नलमध्ये बनवणाऱ्यांनीच एक शेवटची तारीख लिहून ठेवलेली असते. हौशी लोकांनी याच कार्ट्रिजांसाठी लिहिलेली पर्यायी कर्नलं फुकट मिळतात, आणि बऱ्याच बाबतींत ती मूळ कर्नलपेक्षा सरस आहेत. त्यांतल्या चारांची ही पारख: वुड, वायएसमेनू, ट्वायलाइट मेनू प्लस प्लस आणि अलीकडे आलेलं पिको.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. मूळचं जुनं आर४ किंवा आर४आय गोल्ड थ्रीडीएस हाती असेल तर वुड घाला, दुसरीकडे बघूही नका. तारखेवर अडलेलं स्वस्तातलं आर४आय असेल तर वायएसमेनू. डीएसआय (डीएसचं नंतरचं मॉडेल) असेल, किंवा हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम आणि जुन्या कन्सोलचे गेम चालवणारे एम्युलेटर हेच मुख्य काम असेल, तर ट्वायलाइट. पिको सध्या ज्यांना फाइली उघडून बघण्यात रस आहे त्यांच्यासाठी, पण पुढची दिशा तीच आहे.

आता सविस्तर.

कर्नल आणि फर्मवेअर यांतला फरक

हा फरक समजला नाही तर पुढचं सगळं धोक्याचं. कार्ट्रिजच्या आत एक छोटी फ्लॅश चिप असते. तिच्यातला प्रोग्रॅम डीएसला ‘मी एक साधं गेम कार्ड आहे’ असं पटवतो आणि मग मायक्रोएसडीवरची एका ठरावीक नावाची फाइल शोधून चालवतो. चिपमधला तो प्रोग्रॅम म्हणजे खरं फर्मवेअर. एसडीवरची फाइल आणि तिच्यासोबतचा फोल्डर म्हणजे कर्नल. बोलताना लोक दोन्हींना फर्मवेअरच म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

एसडीवरचं कर्नल बदलण्यात जोखीम जवळजवळ नाही. चुकीचं कर्नल घातलं तर पडदा पांढरा राहील किंवा ‘लोडिंग’वर अडकेल. एसडी काढा, पुसा, योग्य फाइली टाका, काम झालं. चिपमधलं फर्मवेअर बदलणाऱ्या अपडेट फाइली मात्र वेगळ्या. त्या डीएसआय आणि त्यानंतरच्या थ्रीडीएस या कन्सोलवर कार्ट्रिज ओळखलं जावं यासाठी असतात, कारण निन्टेन्डो सिस्टिम अपडेटमधून अशी कार्ट्रिजं अडवत आली आहे. लिहिणं चालू असताना बॅटरी गेली किंवा दुसऱ्याच घराण्याची फाइल चालवली, तर कार्ट्रिज कायमचं मरू शकतं. तुमच्याकडे डीएस किंवा डीएस लाइट असेल तर या अपडेटची काहीच गरज नाही. इंटरनेटवर कुणी ‘आधी हे अपडेट चालवा’ म्हणत असेल, तर ते डीएस लाइटसाठी सांगितलंय का, एवढं आधी विचारा.

एक अपवाद लक्षात ठेवा. डीएसटीटी नावाच्या कार्ट्रिजच्या शेवटच्या काही अधिकृत कर्नलांत नकली कार्ट्रिज ओळखून ते निकामी करणारा कोड होता. बाजारातली बरीच आर४आय त्याच घराण्यातली नक्कल आहेत. त्यामुळे त्यांत डीएसटीटीचं अधिकृत कर्नल कधीच घालू नका. थ्रीडीएसच्या जगात तर २०१४ च्या जानेवारीत गेटवे कार्ट्रिजच्या एका बीटा कर्नलने नक्कल वापरणाऱ्यांचे अख्खे कन्सोल निकामी केले होते. हौशी आणि खुल्या सोर्सच्या कर्नलवर माझा जास्त भरवसा आहे तो यामुळे: त्यांत कुणाचा धंदा राखायचा नसतो, त्यामुळे असला सुरुंग पेरण्याचं कारणही नसतं.

आधी आपलं कार्ट्रिज ओळखा

सगळा खेळ इथे आहे. ‘आर४’ हे नाव आता कुणाच्याच मालकीचं राहिलेलं नाही. एकमेकांशी काहीही संबंध नसलेली सर्किटं त्याच नावाने विकली जातात. डब्यावरचं नाव, सोनेरी-चंदेरी रंग, ‘ड्युअल कोअर’, ‘गोल्ड प्रो’, ‘आरटीएस’ अशी बिरुदं यांवरून काही कळत नाही. स्टिकरवर छापलेलं वर्ष तर निव्वळ सजावट आहे. आतलं सर्किट तेच ठेवून दरवर्षी नवा आकडा छापतात. बघायचा तो स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलेला वेबसाइटचा पत्ता.

‘आर४आयडीएस डॉट सीएन’ असं असेल तर ते आर४आय गोल्ड थ्रीडीएस, चांगल्या घराण्यातलं. त्यावर वुडची त्याच कार्ट्रिजसाठीची आवृत्ती चालते, शेवटची १.६४. ‘आर४आयएसडीएचसी डॉट कॉम’ असेल तर ते तारखेवर अडणारं. आणि ‘आर४आय’ व ‘एसडीएचसी’ यांच्यामध्ये एक आडवी रेघ असेल, तर ते तिसरंच घराणं, वेगळ्या लोकांचं, वेगळ्या कर्नलचं. एका रेघेचा फरक आहे, पण एकाचं कर्नल दुसऱ्यावर चालत नाही. स्टिकर पुसट झाला असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. स्टिकरवर कुठलाच पत्ता नसेल, नुसतं ‘आर४ रेव्होल्युशन फॉर डीएस’ असेल, तर ते मूळचं आर४ किंवा त्याची हुबेहूब नक्कल. दोन्हींवर वुड १.६२ चालून बघावं.

स्टिकरच उरला नसेल तर दुसरा पुरावा म्हणजे रिकाम्या एसडीवर कार्ट्रिज काय म्हणतं ते. मूळचं आर४ आपली फाइल सापडली नाही असं सांगताना तिचं नावही पडद्यावर लिहितं: अंडरस्कोर, डीएस, अंडरस्कोर, मेनू, डॉट, डॅट. नुसतं ‘मेनू’ आणि प्रश्नचिन्ह दिसलं तर ते डीएसटीटीच्या नक्कल घराण्यातलं, म्हणजे वायएसमेनूचं गिऱ्हाईक.

एसडी कार्ड: निम्म्या तक्रारी इथेच मिटतात

कर्नलला दोष देण्याआधी एसडी तपासा. मूळचं आर४ फक्त २ जीबीपर्यंतचं साधं मायक्रोएसडी वाचतं; एसडीएचसी (२ जीबीपेक्षा मोठी, नंतरच्या प्रकारची कार्डं) त्याला कळतच नाही. नवीन २ जीबी कार्ड आता दुकानात मिळणं कठीण, पण जुन्या बटणवाल्या फोनमध्ये ते असतं. घरातले बंद पडलेले फोन उघडून बघा. ते फॅट१६ या फाइल-मांडणीत, ३२ केबी क्लस्टरवर (क्लस्टर म्हणजे फाइल ज्या तुकड्यांत साठवली जाते तो एक तुकडा) फॉरमॅट करा. आर४आय प्रकारच्या कार्ट्रिजांना ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी चालतं. ते फॅट३२ मध्ये, क्लस्टर पुन्हा ३२ केबीच. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि ती घातली की पांढरा पडदा ठरलेला. फॅट३२ करून काही कार्ट्रिजांवर ती चालतात, पण गरज काय? डीएसचा सर्वांत मोठा गेम ५१२ एमबीचा. ८ किंवा १६ जीबी भरपूर.

क्लस्टरचा आकार महत्त्वाचा का? गेम चालताना कार्ट्रिजला फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे ते सतत शोधावं लागतं. ४ केबीचे तुकडे असतील तर १२८ एमबीच्या फाइलचे ३२,७६८ तुकडे होतात. ३२ केबीचे असतील तर ४,०९६. शोधाशोध आठपटीने कमी होते, आणि तो फरक गेममधल्या व्हिडिओत आणि आवाजात लगेच जाणवतो. त्याच कारणाने फाइली पुसून-टाकून-पुसून वर्षभर वापरलेली एसडी मंद होते. सेव्ह फाइली कॉम्प्युटरवर काढून ठेवा, एसडी पूर्ण फॉरमॅट करा, आधी कर्नल आणि मग गेम एकेक करून परत टाका. मॅकवरून कॉपी करत असाल तर ठिपक्याने सुरू होणाऱ्या अदृश्य फाइली मेनूत कचऱ्यासारख्या दिसतात. त्या पुसून मगच कार्ड काढा.

आणि नकली एसडी. वर १६ जीबी छापलेलं आणि आत ४ जीबी असलेलं कार्ड कॉपी करताना एक शब्द बोलत नाही. पहिले काही गेम नीट चालतात, नंतरचे पांढरा पडदा देतात, सेव्ह गायब होतात, आणि दोष कर्नलच्या माथी येतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे दोन छोटे प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने ३२ जीबी लिहायला तासाभराच्या आसपास लागतो आणि वाचायला आणखी थोडा. एकदाच करायचं काम आहे, पण टाळू नका. इंदुरात सिल्व्हर मॉलमधून घ्या किंवा जेल रोडच्या डॉलर मार्केटमधून, पक्कं बिल घ्या, घरी आल्या आल्या चाचणी करा, आणि चाचणी होईपर्यंत पाकीट फेकू नका.

वुड: अजूनही सर्वांत नेटकं

मूळच्या आर४ चं अधिकृत कर्नल १.१८ वर थांबलं आणि बनवणारे गायब झाले. त्यानंतर यलो वुड गॉब्लिन या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने एसकार्ड या दुसऱ्या कार्ट्रिजच्या खुल्या मेनूवरून आर४ साठी हे कर्नल घडवलं. १.६२ ही मूळच्या आर४ साठीची शेवटची आवृत्ती. सोडून दिलेल्या यंत्राला एका हौशी माणसाने कित्येक वर्षांचं आयुष्य दिलं, तेही एक पैसा न घेता. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

बसवणं सोपं आहे. झिप उघडली की एक फाइल आणि एक फोल्डर मिळतो. फाइल वर सांगितलेली, ‘मेनू डॉट डॅट’वाली. फोल्डरचं नाव दोन अंडरस्कोर आणि ‘आरपीजी’. दोन्ही एसडीच्या मुळाशी ठेवायचे, कुठल्याही उपफोल्डरात नाही. झिप ज्या फोल्डरात उघडली तो फोल्डरच उचलून एसडीवर टाकणं ही सर्वांत नेहमीची चूक. मग फाइल एक पायरी आत राहते आणि कार्ट्रिजला सापडत नाही. मूळच्या आर४ ची आवृत्ती आणि गोल्ड थ्रीडीएसची आवृत्ती यांची फाइलनावं सारखी दिसतात, पण आतला कोड वेगळा आहे. एकीची झिप दुसरीला चालणार नाही. डाउनलोड केल्यावर झिपच्या नावात कार्ट्रिजचं नाव लिहून ठेवा, पुढे शोधाशोध होत नाही.

वुडची खरी ताकद प्रत्येक गेमसाठी वेगळी सेटिंग ठेवता येते यात आहे. एखाद्या गेममधला व्हिडिओ अडखळत असेल तर त्या गेमपुरता डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती हलवण्याची सोय) चालू करा. वाचनाचा काही भार प्रोसेसरवरून उतरतो. एखादा गेम डीएमए चालू असताना अडकत असेल तर त्याच्यापुरता बंद करा. सगळ्यांसाठी एकच नियम लावायची सक्ती नाही. चीटची यादी वापरायची असेल तर ‘यूएसआरचीट डॉट डॅट’ ही फाइल आरपीजी फोल्डरातल्या ‘चीट्स’ फोल्डरात जाते. हौशी प्रोग्रॅमना एसडीपर्यंत पोचायला डीएलडीआय नावाचा ड्रायव्हर लागतो. वुड तो चालवतानाच आपोआप जोडतं. जुन्या कर्नलांत तो कॉम्प्युटरवर हाताने जोडावा लागायचा.

सेव्ह फाइलच्या नावाची एक अडचण सगळ्यांना येते. काही कर्नलं ‘गेम डॉट सेव्ह’ असं नाव देतात, काही ‘गेम डॉट एनडीएस डॉट सेव्ह’. वुडच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. दुसऱ्या कर्नलवरून वुडवर आलात आणि जुना खेळ सापडत नसेल, तर आधी हे तपासा. सेव्ह बहुतेक वेळा जागच्या जागी असते, फक्त नाव जुळत नसतं.

कमतरता? विकास थांबला आहे. शेवटच्या आवृत्तीनंतरच्या काही गेमांसाठीच्या दुरुस्त्या त्यात नाहीत. आणि मराठी वाचकांसाठी एक सूचना: मेनूतल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. वुड पीसीएफ प्रकारचे फाँट घेतं, त्यामुळे देवनागरी फाँट बनवून घालता येईलही, पण मात्रा आणि जोडाक्षरं जोडण्याची सोय मेनूत नसल्याने वाचण्याजोगं काही दिसणार नाही. फाइलनावं रोमनमध्येच ठेवा.

वायएसमेनू: तारखेच्या सुरुंगावरचा उपाय

तारखेवर अडणाऱ्या कार्ट्रिजांचं मूळ कर्नल डीएसचं घड्याळ वाचतं आणि ठरावीक दिवसानंतर मेनू उघडत नाही. डीएसची तारीख काही वर्षं मागे नेली की ते पुन्हा चालतं, आणि बरेच जण यावरच समाधान मानतात. मी हा उपाय सुचवणार नाही. घड्याळावर चालणाऱ्या गेमांत ऋतू, पिकं, रोजचे प्रसंग सगळंच विस्कटतं, आणि काही गेम तारीख मागे गेल्याचं पाहून शिक्षाही करतात. कर्नल बदललं की घड्याळाला हात लावावाच लागत नाही.

वायएसमेनू हे यासू या टोपणनावाच्या जपानी प्रोग्रॅमरचं, मुळात डीएसटीटीसाठीचं. रेट्रोगेमफॅन नावाने ओळखलं जाणारं त्याचं बहु-कार्ट्रिज पॅकेज घ्या, आवृत्ती ७.०६. झिपमध्ये वेगवेगळ्या कार्ट्रिजांसाठी वेगळे फोल्डर आहेत. त्यातला डीएसटीटी नक्कलांसाठीचा वापरा. काम तीन भागांत होतं. एसडी कोरी फॉरमॅट करा. जुन्या कर्नलची एकही फाइल राहू देऊ नका. त्या फोल्डराच्या आतलं सगळं एसडीच्या मुळाशी टाका. मग ‘टीटीमेनू’ हा फोल्डरही मुळाशी आला आहे ना, ते बघा. कार्ट्रिज सुरुवातीला जी फाइल शोधतं तिचं नाव या घराण्यात बहुतेकदा ‘आर४ डॉट डॅट’ असतं. वेगळं असेल तर जुन्या चालू कर्नलच्या एसडीवर मुळाशी कोणती डॅट फाइल होती ते बघून तेच नाव द्या. म्हणूनच जुनं कर्नल पुसण्याआधी त्याची एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवणं शहाणपणाचं.

टीटीमेनू फोल्डरातल्या तीन फाइलींवर सगळं चालतं: इन्फोलिब, एक्स्टइन्फो आणि सेव्हलिब. पहिल्या दोन कोणत्या गेमला चालवताना काय दुरुस्ती लागते ते सांगतात, तिसरी सेव्हचा प्रकार. डीएसच्या गेमांत सेव्हच्या चिपा वेगवेगळ्या असतात: ४ किलोबिटच्या इईपीरॉमपासून ८ मेगाबिटच्या आणि त्याहून मोठ्या फ्लॅशपर्यंत. प्रकार चुकला की गेम ‘सेव्ह करता आलं नाही’ म्हणतो किंवा सुरूच होत नाही. एखादाच गेम असा वागत असेल आणि बाकीचे नीट असतील, तर कर्नल बदलायच्या आधी या तीन फाइलींची नवी प्रत घाला. हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

दिसायला वायएसमेनू रूक्ष आहे. यादी, बाण, बस्स. वुडसारखी गेमनिहाय सेटिंगची सोय नाही, चित्रं-थीम यांचा थाट नाही. पण तो झटकन उघडतो, कमी जागा घेतो आणि स्वस्तातल्या सर्किटावरही भरवशाने चालतो. कार्ट्रिज कायमचं अडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. याही मेनूचा मूळ विकास थांबलेला आहे, हे लक्षात असू द्या.

ट्वायलाइट मेनू प्लस प्लस

याचा खरा संसार डीएसआय आणि थ्रीडीएसवर आहे. तिथे ते कार्ट्रिजशिवाय, कन्सोलच्याच एसडीवरून, एनडीएस-बूटस्ट्रॅप नावाच्या लोडरने गेम चालवतं आणि फारच सुंदर काम करतं. डीएस लाइटवर कार्ट्रिजमधून चालवलं तर गोष्ट बदलते. डीएसमध्ये मुख्य मेमरी ४ एमबी, डीएसआयमध्ये १६. डीएस लाइटवर लोडरला त्याच ४ एमबीत गेमबरोबर जागा वाटून घ्यावी लागते, त्यामुळे काही गेमांना मेमरी कमी पडते. खालच्या खाचेत मेमरी वाढवणारं कार्ट्रिज असेल तर त्यातले काही चालतात. ऑपेरा ब्राउझरसोबत २००६ मध्ये आलेलं ८ एमबीचं विस्तार कार्ट्रिज त्यातलंच, पण ते आता कुठे मिळणार!

म्हणून डीएस लाइटवर ट्वायलाइट घेतलंच, तर सेटिंगमध्ये गेम चालवण्याचं काम कार्ट्रिजच्या मूळ कर्नलकडे ठेवा आणि ट्वायलाइटकडून फक्त मेनू आणि एम्युलेटर घ्या. नेस, गेमबॉय, मास्टर सिस्टिम या जुन्या कन्सोलचे एम्युलेटर त्यात आधीच जोडलेले आहेत. झिपमधल्या ‘ऑटोबूट’ फोल्डरात प्रत्येक कार्ट्रिजसाठी वेगळी फाइल आहे. ती निवडताना पुन्हा स्टिकरवरचा पत्ता बघा. सेव्ह फाइली इथे गेमच्या शेजारी न राहता ‘सेव्ह्ज’ या उपफोल्डरात जातात. दुसऱ्या कर्नलवरून येताना त्या तिथे हलवाव्या लागतात. जुन्या मंद एसडीवर मेनू उघडायला लागणारा वेळ त्रास देतो, आणि तो त्रास कुठल्याही सेटिंगने जात नाही.

पिको

एलएनएच या हौशी गटाने २०२५ मध्ये पिको लोडर आणि पिको लाँचर खुल्या सोर्ससकट जाहीर केले, आणि त्यासोबत आरपी२०४० मायक्रोकंट्रोलरवर चालणारं डीएसपिको हे खुलं कार्ट्रिजही. मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एकच लोडर अनेक जुन्या कार्ट्रिजांसाठी बांधता येतो. मूळचं आर४, डीएसटीटी, एसकार्ड यांच्यासाठी त्याची स्वतंत्र बांधणी, म्हणजे त्या कार्ट्रिजसाठी तयार केलेली आवृत्ती आहे, त्यामुळे वुड आणि वायएसमेनू यांचा विकास थांबल्याने पडलेली पोकळी भरून निघू शकते.

एसडीच्या मुळाशी ‘अंडरस्कोर पिको’ नावाचा फोल्डर लागतो. त्यात लोडरच्या दोन बिन फाइली, एक एआरएम९ साठी आणि एक एआरएम७ साठी, आणि गेमांच्या दुरुस्त्या व सेव्हचे प्रकार सांगणाऱ्या याद्या. डीएसमध्ये हे दोन प्रोसेसर असतात, म्हणून फाइलीही दोन. लोडर घेताना आपल्याच कार्ट्रिजची बांधणी घ्या. इतरांची घातली तर मेनू दिसेल, पण गेम निवडल्यावर पडदा काळा राहील. ही त्याची नेमकी खूण आहे. प्रकल्प नवा आहे, बदल भराभर होतात. घरात मुलांच्या हातात द्यायच्या डीएसवर आज मी वुड किंवा वायएसमेनूच ठेवेन.

काय बिघडतं आणि का

दोन्ही पडदे पांढरे आणि काहीच नाही: आधी संपर्क पुसा. डीएसच्या कार्डाला १७ पिना असतात. एकीवर थर बसला तरी पुरतं. पावसाळ्यात बरेच दिवस न वापरलेल्या कार्ट्रिजांवर हा थर जास्त दिसतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सोल्डरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. महाराणी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कानातल्या कापसाच्या काडीला थोडं लावा, एकाच दिशेने पुसा, पूर्ण वाळू द्या. खोडरबर वापरू नका, सोनेरी मुलामा निघतो.

एसडी खटकन बसत नाही, वर येते: मूळच्या आर४ च्या खाचेतली स्प्रिंग हा त्याचा जगजाहीर कमकुवत भाग आहे. जाड कागदाची छोटी पट्टी एसडीच्या मागे घातली तर ती जागेवर राहते. दुरुस्तीच्या नावाखाली खाच उचकटायला जाऊ नका, सोल्डरसकट उखडते.

सेव्ह केल्यावर लगेच बंद केलं आणि खेळ गेला: एसडीवर लिहिणं पूर्ण व्हायला दोन-तीन सेकंद द्या. बॅटरीचा दिवा लाल असताना सेव्ह करू नका. आणि अमेरिकेतून आलेल्या डीएस लाइटचा मूळ चार्जर १२० व्होल्टचाच असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट लावला की जळतो. यूएसबीची चार्जिंग केबल घ्या.

सेव्ह कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरमध्ये उघडत नाही: मेलॉनडीएस कार्ट्रिजची सेव्ह फाइल जशीच्या तशी घेतो. डेस्म्यूमीच्या स्वतःच्या फाइलीत शेवटी १२२ बाइटची जोड असते. ती फाइल परत कार्ट्रिजवर न्यायची असेल तर तिचं नुसतं नाव बदलू नका, त्याच्या मेनूतून एक्स्पोर्ट करा.

थ्रीडीएसवाल्यांसाठी एक शब्द. काही डीएस कार्ट्रिजांच्या चिपमध्ये एनटीआरबूट हा कोड लिहून थ्रीडीएस मोकळा करता येतो, म्हणजे निन्टेन्डोची बंधनं काढून त्यावर हौशी प्रोग्रॅम चालवता येतात. हा मार्ग २०१७ मध्ये खुला झाला. पण त्यानंतर काही कार्ट्रिजं डीएसमध्ये चालत नाहीत, जोवर चिपची जुनी प्रत परत लिहीत नाही. प्रत काढल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि ते कार्ट्रिज कुणाचं मागून आणलेलं असेल तर मुळीच नको.

विकत घ्यायचं असेल तर

अलीएक्सप्रेस २०२० पासून भारतात बंद आहे, त्यामुळे कार्ट्रिज बहुतेक वेळा परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा जुन्या सामानाच्या व्यवहारात येतं. विकणाऱ्याकडून दोन फोटो मागा: स्टिकरवरचा पत्ता वाचता येईल असा एक, आणि मागच्या सोनेरी पट्ट्यांचा एक. ‘तारखेवर अडलंय’ म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर खुशाल घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. ‘अपडेट केल्यापासून बंद आहे’ म्हणत असेल तर चिपच मेलेली असण्याची शक्यता मोठी. ते फुकट मिळालं तरी भागांसाठीच.

आणि गेमांबद्दल. कर्नल बदलणं एक गोष्ट, दुसऱ्याचा गेम उतरवून घेणं दुसरी. कॉपीराइट अधिनियम, १९५७ डीएसच्या गेमांनाही लागू आहे. ज्यांची कार्डं तुमच्याकडे आहेत त्यांची प्रत डीएसआयवर गॉडमोड९आय किंवा मोकळ्या केलेल्या थ्रीडीएसवर गॉडमोड९ वापरून स्वतः काढता येते. त्याशिवाय मोफत वाटलेले हौशी प्रोग्रॅम आहेतच: चित्रं काढायला कलर्स, गाणी ऐकायला मूनशेल, जुन्या साहसी गेमांसाठी स्कमव्हीएम. मूनशेलसाठी गाणी १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये करून ठेवा आणि एका फोल्डरात शंभराच्या आत ठेवा, म्हणजे यादी उघडताना वाट बघावी लागत नाही.